वरच्या अंगाची विहीर

साकोलीच्या अलीकडे, महामार्गाला लागून असलेल्या एका गावात, पेट्रोल पंपाची जमिनीखालची डिझेलची टाकी गळत होती. किती दिवसांपासून गळत होती ते कुणालाच नक्की माहीत नाही. पंपाच्या मागच्या उतारावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्याने एके सकाळी विहिरीतून बादली काढली, पाण्यावर रंगीत तवंग बघितला आणि ती बादली तशीच नेऊन पंपमालकाच्या टेबलावर आपटली, तेव्हा हे प्रकरण उघडकीला आलं. तेव्हापासून मी त्या गावात जायला लागले. माझं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट आहे. तेलाने नासलेली जमीन आणि पाणी साफ करून घ्यायचं, आणि एक दिवस सांगायचं की आता पुरे, जागा साफ झाली, काम बंद करा.

हे ‘आता पुरे’ म्हणणंच सगळ्यात अवघड. जमीन म्हणजे काही भांडं नव्हे, की घासलं, विसळलं आणि पालथं घातलं. तेल थोडंफार उरतंच. किती उरलेलं चालेल, एवढंच ठरवायचं असतं, आणि त्यासाठी आकडे ठरलेले आहेत. मोसमामागून मोसम पाण्यातलं तेल त्या मर्यादेच्या खाली राहिलं, की जागा बंद करायला हरकत नाही असं मला लिहिता येतं. आम्ही पंपाच्या खालच्या अंगाला, पंप आणि गावतलावाच्या मधल्या पट्ट्यात, तपासणीसाठी बारीक बोअर मारून ठेवल्या होत्या. पाणी उताराने तलावाकडे जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. नासलेला मुरूम खणून नेला, तेलकट पाणी उपसलं, आणि दर मोसमात त्या बोअरचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरून नागपूरला पाठवत राहिलो. आकडे उतरत गेले. शेवटच्या वर्षात तर ते इतके खाली आले की पंपमालक मला लांबून बघूनच हात जोडायचा. आता एकदा एप्रिलमधले नमुने बरे आले की शिफारस लिहायची आणि त्या गावातून मोकळं व्हायचं, एवढंच बाकी होतं.

या सगळ्या वर्षांत आमचं दुपारचं जेवण एकाच घरी व्हायचं. पंपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे उताराच्या उलट बाजूला, एका धान पिकवणाऱ्या कुटुंबाचं घर होतं. घरची बाई माझ्याहून बरीच मोठी, मी तिला मावशी म्हणायचे. तिच्या अंगणात विहीर होती. काम सुरू झालं तेव्हा आम्ही त्या विहिरीचंही पाणी तपासलं होतं. ते निर्मळ निघालं, आणि विहीर वरच्या अंगाला म्हणून पुढे कुणी तिच्याकडे बघितलं नाही. खालच्या विहिरी बंद झाल्यावर अर्धी वस्ती मावशीच्याच विहिरीवर पाणी भरायला लागली. नळयोजना होती, पण नळाला पाणी कधी येतं ते नळालाच माहीत. मावशीला तर विहिरीचा केवढा तोरा! “साऱ्या गावाचं पाणी नासलं, पण माही विहीर देवानं राखली,” हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. आम्ही घामाघूम होऊन तिच्या ओसरीवर टेकलो की आधी तांब्याभर पाणी, मग चहा, मग भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. पुन्हा तांब्याभर पाणी.

त्या एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा घरात नवी सून आली होती. माहेर करडीकडचं, तेही धानवाल्यांचंच. नवरा साकोलीला एका दुकानात कामाला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. पोरगी नाकीडोळी नीटस, पण इतकी वाळलेली की मला बघूनच कसंतरी झालं. तिला चौथा महिना लागला होता.

“मॅडम, माही सून लय देवभक्त हाय,” मावशी तिच्यासमोरच सांगायला लागली. “सोमवार धरते, मंगळवार धरते, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सारेच धरते. उपासाले घरचं पाणीबी चालत नाही तिले. रोज सकाळी मारुतीच्या देवळातल्या हापशीवरून कळशी भरून आणते. देवाच्या आवारातलंच पाहिजे म्हणते.”

“आणि बुधवारी, रविवारी काय करते?” मी गमतीने विचारलं.

“त्या दिवशी धानाच्या बांधीत जाते मजूर बायांसंगं. तिकडंच त्यांच्या डब्यातलं खाते. घरी म्हणते, भूक नाही.” मग मावशीचा आवाज खाली आला. “पण आता पोटात लेकरू हाय ना जी. डॉक्टरीण बाईनं सांगतलं, रक्त कमी हाय, उपास सोडा, दोन्ही टाईम पोटभर जेवा. आमचं कोणाचंच ऐकून नाही राहिली. तुमी शिकल्यासवरल्या. तुमीच समजवा तिले. दोन घास भात खाय म्हणा.”

माझा स्वभाव तिखट आहे, आणि उपासतापासांवर माझा पहिल्यापासून राग. त्यामुळे हे काम मला मनापासून आवडलं. मी त्या पोरीला समोर बसवलं आणि चांगली हजेरी घेतली. देवाला तुझ्या उपाशी पोटाचं काय करायचंय? पोटातल्या जिवाने कोणता नवस बोललाय? आणि या दिवसांत एवढ्या लांबून कळशी उचलून आणायची नाही, अजिबात नाही. अंगणात इतकी चांगली विहीर असताना देवळापर्यंत तंगडतोड कशाला? “या विहिरीसारखं पाणी या गावात नाही,” मी म्हणाले. “मी स्वतः तपासलंय.”

ती मान खाली घालून “हो जी, हो जी” करत राहिली. मावशीने लगेच ताट आणलं. पोरीने वरणभात कालवला, माझ्यादेखत चार घास खाल्ले आणि औषध घ्यावं तसं एका दमात पाणी प्यायली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात ती उठून परसात धावली आणि खाल्लेलं सगळं ओकली.

“डोहाळे हायेत. होते असं,” मावशी म्हणाली.

“होतं असं,” मीही म्हणाले.

जेवण झाल्यावर मी नमुने घ्यायला खाली तलावाकडे निघाले. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, तेव्हा मावशीनेच तिला माझ्यासोबत धाडलं. “जाय, जरा हवा लागन.” बोअर रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली होती, सावली होती. माझं काम चाललं होतं तोवर ती शेजारी उभी राहून बघत होती. मी लांबट नळी बोअरमध्ये सोडली, भरून वर काढली, बाटलीत पाणी ओतलं. खरं म्हणजे नमुन्याचा वास घ्यायचा नसतो. पण इतक्या वर्षांची खोड, झाकण लावायच्या आधी मी बाटली नाकाशी नेलीच. आणि मघाच्या शिकवणीचा जोर अजून अंगात होता, म्हणून तिच्यापुढेही धरली.

“बघ. पंपाच्या इतक्या जवळचं पाणी. येतो का कसला वास?”

तिने वाकून वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग बाटलीकडे आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी जादू करून दाखवली आहे.

“याले तं नाहीच वास,” ती म्हणाली.

“म्हणजे? मग कशाला आहे?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“अगं बोल ना.”

“मॅडम, सासरच्या पाण्याले नाव ठेवू नये ना? आईनं सांगतलं होतं मले, लग्नात.”

मला ते वाक्य माहीत होतं. आमचं घर कोशाच्या साड्या विणणाऱ्यांचं, धानवाल्यांचं नव्हे, पण पाठवणीच्या वेळी माझ्या आत्यानेही मला बाजूला घेऊन हेच सांगितलं होतं. सासरच्या पाण्याला आणि मिठाला नाव ठेवायचं नाही, पोरी. मी तेव्हा हसले होते. आता बाभळीखाली मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि तिच्याकडे वळले.

“कसला वास येतो तुला?”

“राकेलचा. पयल्या दिवसापासून. पाण्याले कमी, भाताले लय. भात शिजते ना, तवा साऱ्या घरात येते.” एकदा बोलायला लागली तशी ती थांबेचना. “मले वाटलं, माझंच नाक खराब हाय. घरचे सारे पेऊन राहिले. वस्तीतल्या बाया पेऊन राहिल्या. तुमी एवढ्या पाण्याच्या मॅडम, तुमीबी पेऊन राहिल्या. मंग मी एकटीच खरी कशी होईन?”

“म्हणून उपास?”

तिने मान हलवली. मग घाबरत विचारलं, “देवाचं खोटं नाव घेतलं मी. देव माफ करन काय जी?”

मी बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली. हाडाची काडी झालेली ती पोरगी, पोटात चार महिन्यांचं लेकरू, आणि पाणी वासाचं आहे एवढं सांगता येत नाही म्हणून तिने आठवड्यातले पाच वार देवांना वाटून दिले होते. आणि तिला सगळ्यांदेखत तेच पाणी पाजणारी कोण, तर मी.

तिला घरी सोडून मी सरळ विहिरीवर गेले आणि बादली काढली. वास घेतला. काही नाही. ओंजळीत घेऊन घेतला. काही नाही. ड्रायव्हरला बोलावलं, तर तो म्हणाला, “मॅडम, एकदम साफ.” पण त्याचा जन्म डिझेलच्या गाड्यांवर गेला होता, आणि मी सकाळभर पंपावर उभी होते. आमच्या दोघांच्या नाकाला कोण विचारतो? पाणी परातीत ओतून उन्हात धरलं, तवंगही दिसेना. मग शंका यायला लागली. गरोदरपणात नाक भलतंच हळवं होतं, मला तर फोडणीसुद्धा सहन होत नव्हती. पण तिला तर वास सासरच्या पहिल्या दिवसापासून, दिवस जायच्या आधीपासून येत होता. शेवटी मी त्या विहिरीच्या दोन बाटल्या भरल्या. मावशीने विचारलं तेव्हा “असंच, जाता जाता” म्हणाले. निघताना पोरीला दाराआड गाठलं आणि हळूच सांगितलं, “घरचं पाणी पिऊ नकोस. उपास चालू राहू दे. जेवणखाण मात्र बाहेरून नीट मागव, नवऱ्याला सांग साकोलीहून आणायला.” तासाभरापूर्वी उपास सोड म्हणणारी बाई ती हीच, असं ती माझ्याकडे बघत होती.

नागपूरच्या तपासणीवाल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात पाणी पीत होते. तो बिचारा अवघडून बोलत होता. “मॅडम, दोन बाटल्यांवर लेबल चुकलंय बहुतेक. वरची विहीर लिहिलंय. पण असे आकडे तर पंपाजवळच्या बोअरचे यायचे, अगदी सुरुवातीला.”

“लेबल बरोबर आहे,” मी म्हणाले. हातातला पेला मी टेबलावर ठेवला. या वर्षांत त्या ओसरीवर किती चहा प्यायले, किती भात खाल्ला, ते आठवायला लागले. मग माझं सोडाच, ती अर्धी वस्ती डोळ्यांपुढे आली.

दुसऱ्या दिवशी मी त्या घराच्या मागे गेले. इतक्या वर्षांत तिकडे पाय टाकायचं कारणच पडलं नव्हतं. एप्रिलच्या रखरखाटात तिथे हिरवंगार उन्हाळी धान डुलत होतं, आणि कडेला शेताच्या बोअरवरची मोटर चालू होती. दोन वर्षांपूर्वी मावशीच्या घरच्यांनी ती बोअर खणली होती, खोल. वीज असेल तोवर उपसा. बघता क्षणीच मला सगळं उमगलं, आणि मी बांधावर खाली बसले. वरून दिसणारा उतार तलावाकडे होता, पण जमिनीखालचं पाणी मोटरने आपल्याकडे ओढून घेतलं होतं. तेल पाण्यामागे गेलं. खालच्या बोअर साफ निघत होत्या, कारण तेल तिथून निघून गेलं होतं. ते साफ झालं नव्हतं, सरकलं होतं. सरकत सरकत मावशीच्या अंगणात आलं होतं, आणि आम्ही तिथेच बसून जेवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मावशीला सांगणं भाग होतं. पाणी भरायला आलेल्या तीन-चार बायाही तिथेच होत्या. मी सांगितलं.

“माही विहीर?” मावशी म्हणाली. तिला ते कळेचना. “वरच्या अंगाची? माही?” मग ती सुनेकडे वळली, कारण तिच्यामुळे कळलं हेही मी सांगून बसले होते. “तुले वास येत होता? काहून नाही सांगतलं तू? काहून नाही सांगतलं वो?”

सून भिंतीला टेकून उभी होती. तेव्हा कमरेवर घागर घेतलेली शेजारची एक तरणी बाई बोलली. तिच्या लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं होतं.

“मलेबी येत होता काकू. पयला महिनाभर. मंग यायचा बंद झाला.”

“बंद झाला म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे, नाही आला मंग. मले वाटलं, नव्या घरचं पाणी पयले असंच लागत असन.”

गावात राहणाऱ्यांच्या नाकाला तो वास हळूहळू, थेंबाथेंबाने सवयीचा झाला होता. तो ज्यांना येऊ शकत होता अशा नव्या सुना दर लग्नसराईत गावात येत होत्या, आणि त्यांना प्रत्येकीला माहेराहून बजावून पाठवलेलं होतं की पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. महिनाभर सोसलं की त्यांचंही नाक गावाचं होऊन जायचं. हिचं झालं नाही, कारण हिने ते पाणी पिणंच टाळलं होतं. माझ्या सगळ्या बोअर, बाटल्या आणि बर्फाच्या पेट्या एकीकडे, आणि एका पोरीचं नाक एकीकडे. आणि त्या नाकाला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मावशी विहिरीच्या काठावर बसली. तिने दोर ओढून घेतला आणि मांडीवर गुंडाळत राहिली. “माह्या हातानं पाजलं वो मी,” ती सारखी म्हणत होती. “तिले अन् साऱ्या वस्तीले. पुण्य म्हणून पाजलं.” भरलेल्या घागरी बायांनी तिथेच रिकाम्या केल्या.

पंपमालकाला ही बातमी द्यायला गेले तेव्हा तो अगोदर नियमावर बोलला. “मॅडम, ती विहीर तुमच्या प्लॅनमध्येच नाही. प्लॅनमधल्या बोअर साफ आहेत ना? मग तुम्ही तेवढंच लिहून द्या.” आणि कागदावर बघितलं तर त्याचं म्हणणं बरोबरच होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“लिहिते,” मी म्हणाले. “उद्यापासून तुमच्या घरी त्या विहिरीचं पाणी भरा. घरातल्या लेकराबाळांसकट प्या. महिनाभर प्या, मग मी लिहिते.”

तो तोंड उघडून काहीतरी म्हणणार होता, पण मध्येच थांबला. “त्यांच्या पोराच्या लग्नात मी जेवलो ना तिथे,” तो म्हणाला. “अख्खं गाव जेवलं. स्वयंपाक त्याच विहिरीच्या पाण्यावर झाला होता.” पुढे त्याने कुरकूर केली, पण टँकरच्या पाण्याची सोय केली.

शिफारस मी लिहिली नाही. मोटर बंद झाली, उन्हाळी धान हाती आलं नाही. वरच्या अंगाला नव्या बोअर मारल्या, पुन्हा उपसा, पुन्हा बाटल्या. सून बाळंतपणाला म्हणून करडीला गेली ती दिवस भरायच्या कितीतरी आधीच गेली. मुलगी झाली. बाळ चांगलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकेपर्यंत मला रात्री नीट झोप नव्हती, हे सांगायला कसली लाज? नवरा सुट्टीच्या दिवशी करडीला जायचा. मावशी नातीला बघायला जायची आणि बघून परत यायची. टँकरचं पाणी प्यायला ठीक, पण लेकराला न्हाऊ घालायचं, दुपटी धुवायची, भांडी विसळायची, ते सगळं काय टँकरवर होणार? “विहीर साफ झाल्याबिगर आणत नाही,” हे मावशीनेच ठरवलं होतं.

या वर्षी आकडे मर्यादेच्या खाली आले. पुढच्या मोसमात पुन्हा खाली आले. ते सांगायला मी गेले तेव्हा मावशी ओसरीवर बसली होती, फोन मांडीवर पालथा ठेवून.

“रिपोर्ट चांगला आला म्हणे जी?”

“आला. मर्यादेच्या आत आहे.”

“मंग आणू काय सुनेले अन् नातीले?”

“नियमाने अजून दोन मोसम बघायचे, मावशी. मग मी शिफारस लिहीन, आणि मग...”

“शिफारस नाही इचारून राहिली मी.” तिने मला मध्येच तोडलं. “पोट्टी चालाले लागली तिकडं. आणू काय, तेवढं सांगा.”

मला आकडा माहीत होता. तो कसा काढतात, मर्यादा कुणी आणि कशी ठरवली, सगळं माहीत होतं. कुठल्याही बैठकीत मी उभी राहून हो म्हटलं असतं. पण मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून हो निघेना.

“कागदावर हो,” मी म्हणाले. “पण खरं सांगू? मला माहीत नाही.”

मावशीने फोन सुलटा केला. तो चालू होता. मी दचकले. “ऐकलं काय वो?” तिने फोनला विचारलं.

“ऐकलं, आई.” तिकडून सुनेचा आवाज आला. मागे लेकराचं बोबडं काहीतरी चाललं होतं. “मॅडमले सांगा, मी येतो उद्या. पोट्टीले इथं ठेवून एकटीच येतो. मले गाव सोडून दीडक वर्ष होऊन राहिलं, माझं नाक आता तिथलं नाही राहिलं. विहिरीचं पाणी काढून पाहतो. वास आला तं या बारीले सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती आली. भरली होती अंगाने, ओळखू आली नाही चटकन. बातमी वस्तीभर गेली होती. बाया होत्या, म्हातारे होते, पंपमालकही येऊन कडेला उभा राहिला होता. मावशीने विहिरीवरचा पत्रा सरकवला. सुनेने स्वतः बादली सोडली, भरून वर ओढली आणि काठावर ठेवली. मग पदर मागे खोचून ती बादलीवर वाकली. माझा आकडा माझ्या पिशवीत होता, आणि मी देवाला न मानणारी बाई मनात कुणाचा तरी धावा करत होते.

ती बराच वेळ वाकून होती. मग सरळ झाली, सासूकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, “वास येते, आई. कमी झाला, पण येते.”

मावशीने डोळे मिटून घेतले. मग पुढे होऊन तिने बादली उचलली आणि पाणी रस्त्यावर ओतून दिलं. “बरं झालं सांगतलं,” ती सुनेला म्हणाली आणि पत्रा ओढून विहीर झाकली. दुपारी सुनेने टँकरच्या पाण्याचा भात केला, सासूसोबत पोटभर जेवली, आणि संध्याकाळच्या बसने लेकीकडे करडीला परत गेली.